करंट स्थिर, ठोके अस्थिर: एका प्रेरक चेतापेशीचं प्रकरण

मांजर भुलीखाली आहे. कमरेच्या भागातला मज्जारज्जू उघडा केलेला, आणि टोकाशी केसाहून कितीतरी बारीक असलेली काचेची नळी एका प्रेरक चेतापेशीच्या आत शिरलेली. नळीत क्षाराचं द्रावण, हीच इलेक्ट्रोड. तिच्यातून पेशीत काही नॅनोअँपिअर करंट सोडतात आणि तो तसाच धरून ठेवतात. पेशी फायर होऊ लागते: एक स्पाइक (व्होल्टेजची क्षणभराची उसळी), थोडी उसंत, पुन्हा स्पाइक. स्पीकरवर ऐकलं तर घड्याळ चालू आहे असं वाटावं. पण दोन स्पाइकमधलं अंतर मोजायला बसलं की घड्याळाचा भ्रम जातो. समजा सरासरी अंतर 60 मिलिसेकंद आहे. तर एखादं 54 निघतं, पुढचं 67, त्यापुढचं 59. करंट तोच, पेशी तीच. मग हा फरक येतो कुठून?

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात विल्यम कॅल्व्हिन आणि चार्ल्स स्टीव्हन्स यांनी हा प्रश्न हाती घेतला. 1967 साली ‘सायन्स’मध्ये त्यांचा छोटा शोधनिबंध आला, 1968 साली सविस्तर मांडणी. मला हे प्रकरण आवडतं ते त्यातल्या निष्कर्षापेक्षा हिशेबासाठी. जिवंत पेशी म्हटली की ‘थोडं इकडेतिकडे व्हायचंच’ असं म्हणून मोकळं होण्याची सोय असते. कॅल्व्हिन मूळचे भौतिकशास्त्राचे पदवीधर. त्यांना ती सोय बहुधा मानवली नसावी. किती इकडे, किती तिकडे आणि कोणामुळे, याचा जमाखर्च या दोघांनी मांडला.

संशयित कोण कोण

आधी पेशीची ओळख. स्नायूला हुकूम द्यायचा तर तो शेवटी प्रेरक चेतापेशीतूनच द्यावा लागतो. मेंदूतून आलेली आज्ञा असो, पायाला काटा टोचल्यावरची झटका-प्रतिक्रिया असो की तोल सावरण्याची धडपड, सगळ्यांना हाच एक दरवाजा. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टनने याला ‘शेवटची सामाईक वाट’ म्हटलं होतं. पेशीचं शरीर मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढं, पण तिच्या फांद्या मज्जारज्जूत मिलिमीटरभर पसरलेल्या असतात आणि त्यांवर हजारोंनी, मोठ्या पेशीत तर काही दहा हजारांनी, सिनॅप्स, म्हणजे दुसऱ्या पेशींचे निरोप पोचवणारे सांधे, बसलेले असतात. काही पेशीला उंबरठ्याकडे ढकलतात, काही मागे खेचतात. पेशी मात्र एवढंच करू शकते: आतलं व्होल्टेज उंबरठ्यापर्यंत पोचलं की स्पाइक सोडायचा, नाही तर गप्प राहायचं.

अंतरं कमीजास्त होण्यामागे तीन संशयित संभवतात. पहिला, उंबरठाच हलत असेल. पेशीच्या पटलातल्या सोडियमच्या वाहिन्या उघडतात-मिटतात त्या संभाव्यतेच्या नियमाने, त्यामुळे उंबरठा कधी किंचित वर, कधी किंचित खाली. दुसरा, प्रत्येक स्पाइकनंतर पेशी जी विश्रांती घेते ती दर वेळी सारखी नसेल. आणि तिसरा, इलेक्ट्रोडमधून येणारा करंट स्थिर असला तरी बाकीच्या हजारो सिनॅप्सना कोणी थांबवलेलं नाही. भूल दिलेली असली तरी मज्जारज्जू पूर्ण शांत नसतो. स्नायूंमधल्या ताण मोजणाऱ्या तंतूंकडून, आजूबाजूच्या मधल्या चेतापेशींकडून बारीकसारीक निरोप येतच असतात.

पहिला संशयित तर्कानेच थोडा कमजोर पडतो. एक वाहिनी पाहिली तर ती लहरी वाटते, पण एवढ्या मोठ्या पेशीत वाहिन्यांची संख्याच इतकी की एकीची लहर दुसरीत बुडून जाते. अगदी छोट्या पेशीत किंवा बारीक चेतातंतूत हा मुद्दा महत्त्वाचा ठरू शकतो; मांजराच्या पायाच्या स्नायूला चालवणाऱ्या धिप्पाड पेशीत तो दुय्यम ठरण्याची शक्यता जास्त. पण तर्काने कमजोर म्हणजे निर्दोष नव्हे. मोजायला हवं.

त्यांनी मोजलं ते असं. पेशी फायर होत नसताना तिच्या आतलं व्होल्टेज पाहिलं तर रेघ सपाट नसते, ती थरथरते. ही थरथर किती मोठी (तिचं प्रमाण विचलन) आणि किती झपाट्याने बदलते, हे नोंदवलं. मग फायर होताना दोन स्पाइकच्या मधे व्होल्टेज सरासरी कोणत्या वाटेने वर चढतं ते काढलं. स्पाइक कोणत्या व्होल्टेजला सुटतो ते पाहिलं. आता कागदावर एक कल्पित पेशी घ्यायची: सरासरी चढण आणि तिच्यावर मोजलेली थरथर, एवढंच तिच्याकडे. उंबरठा ठाम, विश्रांती दर वेळी तंतोतंत सारखी. ही कागदी पेशी किती अनियमित फायर होईल याचं गणित करायचं आणि ते खऱ्या पेशीच्या नोंदीशेजारी ठेवायचं.

बहुतेक ठिकाणी हिशेब जुळला. सिनॅप्सकडून येणारी थरथर एकटीच अंतरांमधला फरक समजावून द्यायला पुरेशी होती. उंबरठ्याला किंवा विश्रांतीला आरोपी करण्याची गरज उरली नाही. सगळ्या पेशींत मात्र असं झालं नाही. काहींमध्ये आणखी काहीतरी धरावं लागलं, आणि 1968च्या निबंधाच्या शीर्षकातच ‘इतर स्रोत’ हे शब्द आहेत. जुळलेला हिशेब मिरवताना न जुळलेला शीर्षकात ठेवणं हा मोठेपणा आहे असं मला वाटतं.

इथे शब्दाबद्दल थोडं. मूळ शब्द ‘सिनॅप्टिक नॉइज’. मराठीत सरळ ‘गोंगाट’ म्हणता येईल, पण त्यात निरर्थकपणा येतो, आणि हे निरोप निरर्थक नाहीत. प्रत्येक बारीक धक्क्यामागे कुठला तरी तंतू, कुठली तरी पेशी आपलं काम करत असते. आपल्याला ते काम कोणतं हे माहीत नसतं, इतकंच. म्हणून मी ‘वर्दळ’ म्हणतो. चौकात उभं राहिलं तर कोण कुठे चाललंय कळत नाही, पण प्रत्येकजण कुठेतरी चाललेला असतोच.

वर्दळीतला एक धक्का केवढा असतो? मांजराच्या स्नायूतल्या ताणमापक तंतूपैकी एकाच्या एका निरोपाने प्रेरक चेतापेशीचं व्होल्टेज साधारण 0.1 मिलिव्होल्टने वर जातं. शांत पेशीला उंबरठा गाठायला 10 मिलिव्होल्टच्या आसपास चढावं लागतं. म्हणजे एकट्या धक्क्याची किंमत नगण्य. पण शेकडो धक्के कधी दाटीने, कधी विरळ येतात आणि त्यातून थरथर तयार होते.

चढणीचा उतार

थरथर सारखीच असली तरी सगळ्या पेशी, किंवा एकच पेशी सगळ्या वेगांवर, सारखीच अनियमित का नसते, हा या प्रकरणाचा मला सर्वांत रसाळ वाटणारा भाग.

स्पाइक सुटताना पेशीत थोडं कॅल्शियम शिरतं. ते पोटॅशियमच्या काही वाहिन्या उघडतं आणि त्या लगेच मिटत नाहीत. परिणामी व्होल्टेज खाली घसरतं आणि हळूहळू वर येतं. या घसरणीला शरीरक्रियाशास्त्रात एएचपी म्हणतात. वर जी ‘विश्रांती’ म्हटली ती हीच. मांजराच्या सोलियससारख्या, उभं राहण्याचं काम करणाऱ्या संथ स्नायूच्या पेशींत ती 100 मिलिसेकंदांहून जास्त टिकते. उडी मारायच्या स्नायूंच्या पेशींत तिच्या जवळपास निम्मी. एकल्स आणि सहकाऱ्यांनी 1958 मध्ये हा फरक दाखवला होता, आणि 1965 च्या सुमारास डॅनियल कर्नेल यांनी दाखवलं की पेशी किमान किती वेगाने नियमित फायर होऊ शकते हे या विश्रांतीच्या लांबीशी जुळतं.

आता ढोबळ आकडे घेऊ. समजा थरथर अर्ध्या मिलिव्होल्टची आहे. व्होल्टेज उंबरठ्याजवळ येताना दर मिलिसेकंदाला 0.2 मिलिव्होल्टने चढत असेल, तर अर्ध्या मिलिव्होल्टची थरथर स्पाइकला साधारण अडीच मिलिसेकंद पुढेमागे करेल. चढण मंद असेल, दर मिलिसेकंदाला 0.05 मिलिव्होल्ट, तर तीच थरथर 10 मिलिसेकंदांचा फरक पाडेल. थरथर भागिले उतार. गणित आठवीच्या मुलाला जमेल एवढं, पण यातून बरंच उलगडतं. जोरात ढकललेली पेशी तीव्र चढणीवरून उंबरठा ओलांडते. वर्दळीला तिला अडवायला वेळच मिळत नाही. जेमतेम ढकललेली पेशी उंबरठ्याखाली रेंगाळते आणि तिथे प्रत्येक बारीक धक्का तिच्या पथ्यावर किंवा मुळावर येतो.

हा हिशेब थोडा लबाड आहे हेही सांगायला हवं. स्पाइक पहिल्यांदा उंबरठा ओलांडला की सुटतो; त्यानंतर थरथर खाली गेली तरी उपयोग नाही. त्यामुळे वर्दळ अंतरं फक्त पसरवत नाही, सरासरी लवकरही आणते. आणि सरासरी व्होल्टेज उंबरठ्यापर्यंत कधीच पोचत नसलेली पेशीही वर्दळीच्या जोरावर अधूनमधून फायर होते.

हीच गोष्ट माणसात उलट्या बाजूने वापरली ती ऑक्सफर्डच्या पीटर मॅथ्यूज यांनी, 1996 साली. जागत्या माणसाच्या मज्जारज्जूत काचेची नळी खुपसता येत नाही. पण स्नायूत सुई घालून एका मोटर युनिटचे, म्हणजे एका प्रेरक चेतापेशीच्या ताब्यातल्या स्नायुतंतूंचे, ठोके नोंदवता येतात; एड्रियन आणि ब्रॉंक यांनी ते 1929 मध्येच केलं होतं. चेतापेशीचा एक स्पाइक म्हणजे युनिटचा एक ठोका. पेशी अगदी सावकाश फायर होत असताना मॅथ्यूज यांनी अंतरांचा आलेख मांडला. त्याला उजवीकडे लांब शेपूट होतं, आणि ते घातांकी नियमाने उतरत होतं. याचा अर्थ ओळखीचा आहे. ठरावीक वेळ उलटल्यावर पुढच्या प्रत्येक क्षणी स्पाइकची शक्यता तेवढीच. पेशी मागचा स्पाइक विसरलेली आहे, एएचपी संपली आहे, व्होल्टेज उंबरठ्याखाली सपाट झालं आहे आणि आता फक्त वर्दळीची वाट पाहणं चाललंय. आलेखाच्या डाव्या भागावरून त्यांनी एएचपीची चढण कशी असेल हेही मागे जाऊन काढलं. मांजरात आतून मोजून जे मिळालं होतं, ते माणसात बाहेरून मोजून.

ईएमजीच्या, म्हणजे स्नायूंच्या विद्युत नोंदीच्या, खोलीत बसणाऱ्यांसाठी एक खुलासा. सिंगल फायबर ईएमजीत ज्याला ‘जिटर’ म्हणतात तो हा नव्हे. तो चेतातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावरचा, आणि काही दशक मायक्रोसेकंदांचा. आपण बोलतोय ती अनियमितता मिलिसेकंदांतली, मज्जारज्जूतली, शेकडो पट मोठी. नाव सारखं वापरलं जातं म्हणून गोंधळ होतो.

करंट आणि सिनॅप्स एकच नव्हेत

1967च्या मांडणीला एक मर्यादा आहे आणि ती प्रयोगातच होती. ढकलणारा करंट इलेक्ट्रोडचा, वर्दळ सिनॅप्सची. दोघं वेगळे, म्हणूनच मोजता आले. जिवंत प्राण्यात ढकलणारेही सिनॅप्सच असतात. जास्त ढकलायचं म्हणजे जास्त निरोप, म्हणजे वर्दळही जास्त. शिवाय सिनॅप्स उघडले की पटलाला भोकं पडल्यासारखं होतं: पेशी गळकी होते आणि व्होल्टेज झरझर बदलू लागतं.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते कोपनहेगनमध्ये रूने बर्ग, एडास अलाबुर्डा आणि यॉर्न हाउन्सगार्ड यांनी 2007 साली दाखवलं. प्राणी कासव. त्याच्या पाठीच्या कवचाला घासलं की मागचा पाय खाजवण्याची हालचाल करतो, आणि मज्जारज्जू मेंदूपासून तोडलेला असला तरी ही लय तिथल्या तिथे तयार होते. तोपर्यंतची पाठ्यपुस्तकी समजूत अशी की पाय एका बाजूला नेताना त्या स्नायूच्या पेशींना फक्त उत्तेजन मिळतं, परत आणताना फक्त दमन. नोंदी वेगळं सांगत होत्या. उत्तेजन आणि दमन एकाच वेळी, हातात हात घालून वाढत होते. पेशीची गळती एवढी वाढली की एएचपीचा प्रभावच पुसट झाला. पोटॅशियमच्या त्या मंद वाहिन्या या गर्दीत कोणाच्या खिजगणतीत नव्हत्या. व्होल्टेज उंबरठ्याखाली जोरजोरात हिंदकळत राहिलं आणि स्पाइक अनियमित सुटले.

म्हणजे एकाच जातीच्या पेशीच्या दोन वागणुकी. स्थिर करंटवर जवळजवळ घड्याळ, खाजवताना पावसाचे थेंब. अनियमितता हा पेशीचा स्वभाव नाही. तो तिला त्या क्षणी कोण आणि कसं बोलतंय याचा परिणाम आहे. मांजराच्या नोंदीत जी छोटी थरथर होती, तिच्यावरून जिवंत हालचालीतल्या पेशीचा अंदाज बांधणं चुकीचं ठरलं असतं, आणि काही काळ तो तसा बांधलाही गेला.

मेंदूच्या बाह्यपटलातून आलेला एक पुरावा इथे जोडायलाच हवा, जरी तो प्रेरक पेशींचा नाही. 1995 मध्ये झॅकरी मेनेन आणि टेरेन्स सेज्नोव्स्की यांनी उंदराच्या मेंदूच्या कापात, सिनॅप्स औषधाने बंद करून, पेशीला दोन प्रकारचे करंट दिले. स्थिर करंट पुन्हा पुन्हा दिला तर स्पाइकच्या वेळा दर खेपेला हळूहळू भरकटत गेल्या. पण वेडावाकडा हिंदकळणारा करंट, तोच्या तोच पुन्हा दिला, तर स्पाइक दर खेपेला जवळपास मिलिसेकंदाच्या अचूकतेने त्याच जागी पडले. कारण पुन्हा उतारच: हिंदकळणारा करंट उंबरठा झपकन ओलांडतो. सिएटलच्या प्रयोगात जिला आपण गडबड म्हणत होतो, तीच वर्दळ परत जशीच्या तशी आणता आली असती तर पेशीने बहुधा तिला अचूक उत्तर दिलं असतं.

स्नायूला काय फरक पडतो

बोट स्थिर धरा. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या स्नायूत फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 1955 मध्ये 119 मोटर युनिट मोजली होती. कोलोरॅडोतल्या रॉजर एनोका यांच्या गटाने 2005 मध्ये याच स्नायूत पाहिलं की युनिट नुकतंच कामाला लागलेलं असताना त्याच्या ठोक्यांतला चढउतार सरासरीच्या सुमारे 30 टक्के असतो आणि बळ वाढवत नेलं की तो 13 टक्क्यांच्या आसपास येतो. उताराचं गणित इथे बोटात दिसतं.

त्यावरून सरळ म्हणावंसं वाटतं की ठोके अनियमित म्हणून हात थरथरतो. इतकं सरळ ते नाही. शंभरेक युनिट स्वतंत्रपणे पुढेमागे होत असतील तर बेरजेत त्यांचे फरक एकमेकांना खाऊन टाकतात. सगळी सारख्या ताकदीची धरली तर चढउतार साधारण दहा पटींनी कमी होतो. (ती सारखी नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात फायदा कमी.) जे खाल्लं जात नाही ते सगळ्यांना एकाच वेळी मिळालेलं. कार्लो डी लुका आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये दाखवलं की एका स्नायूतल्या युनिटांचे वेग सेकंदाला एक-दोनदा एकदमच वरखाली होतात. पुढे डारिओ फरिना आणि फ्रांचेस्को नेग्रो यांच्या 2009 च्या कामातून असं दिसलं की स्थिर बळातला चढउतार बऱ्याच अंशी या सामाईक, संथ भागानेच ठरतो.

माझ्या मते ठोक्यांच्या अनियमिततेवर बोट ठेवणारा एनोका यांचा गट आणि सामाईक भागावर बोट ठेवणारे फरिना-नेग्रो यांचं म्हणणं परस्परविरोधी नाही, पण आकडा एकच वापरल्यामुळे भांडण झाल्यासारखं वाटतं. दोन मिनिटांच्या नोंदीत एका युनिटच्या अंतरांचं विचलन काढलं तर त्यात खासगी थरथर आणि सामाईक संथ लाट दोन्ही येतात. एकाच बादलीत दोन नळांचं पाणी. शेजारशेजारच्या दोन अंतरांमधलाच फरक मोजला तर संथ लाट बरीचशी गळून पडते, आणि मग उरतं ते त्या पेशीचं स्वतःचं. जुन्या निबंधांतले टक्के वाचताना मी आधी विचलन किती लांबीच्या तुकड्यावर काढलंय ते पाहतो. नुकतीच कामाला लागलेली, मोजकीच युनिट असतील तेव्हा खासगी भाग जास्त बोलतो. गर्दी वाढली की सामाईक भाग.

मांजराच्या त्या मूळ नोंदीत हे वेगळं करण्याची सोयच नव्हती. इलेक्ट्रोड एक, पेशी एक. 1971 मध्ये लॉर्ने मेंडेल आणि एलवुड हेनमन यांनी मांजराच्या पोटरीच्या एका स्नायूत ताणमापक तंतू एकेक करून तपासले, आणि एक तंतू त्या स्नायूच्या सुमारे 300 प्रेरक पेशींपैकी जवळजवळ सगळ्यांना जोडलेला आढळला. म्हणजे सिएटलच्या पेशीत जी थरथर मोजली गेली, तिचा काही भाग त्याच क्षणी शेजारच्या जवळजवळ तीनशे पेशींतही उठत होता.